दीड चमचा खसखस

"बाई, हलू बोला हो. तो शब्द परत तोंडातनं काढू नका," कासम मान न वळवताच म्हणाला.

कुवेतच्या विमानतळावर सामान तपासणीच्या रांगेत प्रभा उभी होती. तिच्या लगेच पुढे हा कासम. मुंबईपासून शेजारच्या सीटवर बसलेला, राजापूरकडचा, शुवैखमधल्या एका गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकणारा बोलका माणूस. वेळ जावा म्हणून त्यानं विचारलं होतं, गावाकडनं काय काय आणलंत? आणि वेळ जावा म्हणूनच तिनं सांगितलं होतं: आंब्याचं लोणचं, काळा मसाला, कारळाची चटणी, अनारसे आणि पावशेर खसखस.

"का? खसखशीला काय झालं?"

"आफू म्हणतात तिला इकडं, आफू! त्याच बोंडातनं येते ना ती. आमच्या ग्यारेजात एक होता, गुहागरकडचा. मटणाच्या वाटणाला म्हणून मूठभर आणलंन. अजून भायर आला नाय."

गुहागरचा तो माणूस खरा की कासमच्या तोंडातला, देव जाणे. पण प्रभाला एवढं पुरेसं होतं. मुळात प्रभाला काळजी करायला कारण लागत नसे. रात्रीची ड्यूटी संपवून निघताना ती औषधांच्या कपाटाचं कुलूप तीनदा ओढून बघायची, खोलीतून निघताना गॅस चारदा. उदगीरहून मिरजेला नर्सिंग शिकायला गेली तेव्हापासून आज अडतिसाव्या वर्षापर्यंत तिनं एक नियम मोडला नव्हता. दोन भाऊ मार्गी लावले, स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि नऊ वर्षांत कुवेतच्या कुठल्याही कागदावर तिच्या नावापुढे लाल शाई पडली नव्हती. अशा बाईच्या बॅगेत, साड्यांच्या घडीत, आईच्या जुन्या धुवट पोलक्याच्या तुकड्यात बांधलेली अफूच्या बोंडाची पावशेर खसखस होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता हो काय करू?"

"तिकडं बाथरूम हाय. मी जागा धरतंय. जावा."

खसखस पाण्यावर तरंगते हे प्रभाला माहीत नव्हतं. साखळी ओढली की अर्धी जायची आणि अर्धी गोल फिरून पुन्हा वर यायची. तिनं चार वेळा साखळी ओढली. बाहेरून सफाईवालीनं दार वाजवलं तेव्हा ती पोलक्याचा तुकडा नळाखाली धरून उलटसुलट चोळत होती. नखांत अडकलेले दाणे तिनं केसातल्या आकड्यानं काढले. तुकडा मात्र टाकवला नाही. ओला पिळून तिनं तो पर्समध्ये ठेवला आणि रांगेत परत आली. भीती थोडी उतरली होती, पण तिच्या जागी आता वाईट वाटू लागलं होतं, कारण ती खसखस तिची नव्हतीच. ती हाल्याची होती.

"काय हाय?" तिची पाळी आली तेव्हा कासम पलीकडून खुणेनंच विचारत होता. त्याच्या बॅगेवर खडूची फुली पडली होती.

अधिकारी तरुण होता. त्यानं लोणच्याच्या बरणीचा वास घेतला, नाक मुरडलं आणि अनारशांचा डबा उघडला. वरचा अनारसा उचलून त्यानं उजेडाकडे धरला. आणि त्याच्या त्या काळ्याभोर टेबलावर पांढरे बारीक दाणे भुरभुरले.

प्रभाच्या लक्षात आलं ते त्या क्षणी. अनारशाला खसखस असते! आईनं एकवीस अनारसे खसखशीवर थापले होते, प्रभानं स्वतः कढईपाशी बसून ते तुपात सोडले होते, आणि अनारसे म्हणजे अनारसे, त्यात खसखस मोजायची असते हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुडी टाकली आणि डबा जसाच्या तसा घेऊन ती कायद्यासमोर उभी राहिली होती.

"शिनू हाझा?" त्यानं विचारलं. हे काय?

"स्वीट," ती म्हणाली. "माय मदर... मेड."

त्यानं टेबलावरचे दाणे बोटाला लावले, बोट जवळ नेऊन पाहिलं. "सिम्सिम?"

सिम्सिम म्हणजे तीळ. प्रभानं आयुष्यात रुग्णाच्या तापाचा आकडा अर्ध्या अंशानं चुकीचा लिहिला नव्हता. तिनं मान हलवली. हो, तीळ.

त्यानं झाकण लावलं, बॅगेवर खडूची फुली ओढली आणि पुढच्याला बोलावलं. कासमला तिनं काही सांगितलं नाही. तो आपला म्हणत राहिला, "टाकलात ना? बेस केलात. नायतर फुकटचा झोल."

*

हाल्या म्हणजे प्रभाच्या जाब्रियातल्या बिल्डिंगमधली समोरच्या दाराची शेजारीण, आणि हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये रक्त तपासणारी. सगळे तिला रशियन म्हणत. ती दर वेळी सांगे, "युक्रेनची. पोल्तावाजवळचं गाव." समोरचा मान डोलवे आणि पुढच्या वेळी पुन्हा रशियन म्हणे. तिचा नवरा डॉक्टर नझीर दातांचा डॉक्टर, मूळचा पॅलेस्टाइनचा, कीव्हला शिकायला गेला तिथे यांचं जमलं. नझीरकडे पासपोर्टच्या जागी एक प्रवासाचा कागद होता. त्याला इथून काढलं तर कुठे पाठवायचं हे काढणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. दोघींची आपसातली भाषा म्हणजे इंग्रजी, हिंदी आणि अरबीची भेळ. ती इथे मराठीतच सांगितलेली बरी.

चार वर्षांपूर्वी प्रभाचे वडील गेले. वॉर्डात माणसं कमी होती, रजा मिळाली नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी हाल्या दार वाजवून आत आली, हातात वाडगा. शिजवलेला अख्खा गहू, मध, अक्रोड, बेदाणे. "गेलेल्या माणसासाठी," ती म्हणाली. "आमच्याकडे याला कुत्या म्हणतात." उदगीरला या नावाला लोक पोट धरून हसले असते. प्रभानं पहिला घास घेतला आणि तिला रडू फुटलं, कारण ती गव्हाची खीर होती. गुळाच्या जागी मध, बाकी तीच. वडील श्रावणात दुसरी वाटी मागून घ्यायचे ती.

"पण ही पुरी नाही," हाल्या तेव्हा म्हणाली होती. "यात माक हवा. खूप बारीक दाणा, वाटला की दूध निघतं. इथे मिळत नाही. माकाशिवाय कुत्या म्हणजे नुसता गहू." तिनं एक मातीचं भांडं आणून दाखवलं. आतून रेघारेघांचं, खरबरीत, सोबत लाकडी दांडा. हे माक वाटायचंच भांडं, मकित्रा. लग्न होऊन निघताना आईनं रजईत गुंडाळून दिलेलं. इथे आल्यापासून ते कोरडंच होतं.

आणि आता हाल्याची आई गेली. ऑगस्टात तार आली तेव्हा तिला पुरून नऊ दिवस झाले होते. जानेवारीच्या सहा तारखेला त्यांची पवित्र संध्याकाळ, जुन्या पंचांगानं नाताळची आदली रात्र. आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचं. बारा पदार्थ, मांस-अंडी-दूध काही नाही, आणि सगळ्यात आधी कुत्या. त्या संध्याकाळी घरातली गेलेली माणसं जेवायला येतात. त्यांचा वाडगा आणि चमचा सकाळपर्यंत टेबलावर ठेवायचा. डिसेंबरात रजेवर निघताना प्रभानंच विचारलं होतं, माक म्हणजे आमची खसखस तर नव्हे? तुमच्याकडे कढीपत्त्याइतका सहज मिळतो का हा, असं हाल्या म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आईला हे सांगितल्यावर उदगीरच्या म्हातारीनं, मोतीबिंदूनं धूसर झालेल्या डोळ्यांनी, पावशेर खसखस निवडून दिली. "घेऊन जा माय," ती म्हणाली. "आई मेल्यावर परदेशात लेकरानं काय करावं? आन् हे अनारसे तुझे. पुढच्या साली माझ्या हातानं व्हतेत का नाही, कुणाला ठावं."

आज तीच सहा तारीख होती.

*

हाल्यानं काहीच विचारलं नाही, हेच वाईट झालं. दार उघडून तिनं प्रभाच्या गालाला गाल लावला आणि तिच्या हातांकडे एकदाच पाहिलं. स्वयंपाकघरात पहाटेपासूनचा राबता होता. बीटाचा लालभडक बोर्श्च रटरटत होता, बटाट्याचं सारण भरलेल्या वारेनिकी ओल्या फडक्याखाली ओळीनं मांडल्या होत्या, अगदी उकडायच्या करंज्यांसारख्या. हरीसा या अरबी पदार्थासाठी बाजारात मिळणारा कांडलेला गहू फुलून मऊ झाला होता. आणि ओट्याच्या टोकाला, स्वच्छ धुऊन, वर्तमानपत्रावर पालथी घातलेली मकित्रा.

"हाल्या, आणली होती गं," प्रभा म्हणाली. "मी टाकून दिली. विमानतळावर. घाबरले मी."

मग तिनं सगळं सांगितलं. कासम, साखळी, न जाणारे दाणे. हाल्या ऐकत होती. शेवटी ती म्हणाली, "बरं केलंस. तुला काही झालं असतं तर?" आणि गॅसकडे वळून बोर्श्च ढवळू लागली. ढवळायची काही गरज नव्हती.

"आई म्हणाली असती, मध कमी आहे," पाठमोरीच ती म्हणाली. "दर वर्षी म्हणायची. मी कितीही घातला तरी. माक नाही हे बघून काय म्हणाली असती कोण जाणे."

प्रभा आपल्या खोलीत आली. दार लावलं, खिडक्या लावल्या, पडदे ओढले. चोराच्या मनात चांदणं. अनारशांचा डबा तिनं टेबलावर ठेवला आणि समोर बसली. शहाणपणाचं काम एकच होतं, आत्ताच्या आत्ता डबा खाली कचऱ्यात नेऊन टाकणं. पण आतले अनारसे आईनं थापलेले होते. प्रत्येकावर तिची तीन बोटं उमटलेली दिसत होती. आणि टाकायचा नाही तर काय, खायचा? की पलीकडे न्यायचा, जिथे एका माणसाला जायला देश नाही आणि हाल्याची नऊ वर्षांची फातिमा आहे? खालच्या मजल्यावरच्या उम्म खालिदचा नवरा पोलिसात होता. बाई स्वभावानं इतकी गोड, की दर सात जानेवारीला सकाळी उरलेलं गोड चाखायला हक्कानं वर यायची. प्रभाला दरदरून घाम फुटला. जानेवारीत.

अर्धा तास ती तशीच बसली होती. मग तिनं डबा उचलला. कुलूप लावल्यावर, आश्चर्य म्हणजे, ओढून बघायलाही ती विसरली.

"हे बघ," डबा उघडून ती हाल्याला म्हणाली. "ठरव तू. मी एकटीनं ठरवलं तर मरेपर्यंत मला झोप लागणार नाही."

हाल्यानं एक अनारसा हातात घेतला. बोटानं वरचे दाणे चाचपले. "माक," ती म्हणाली. मग अनारसा परत ठेवला. "नको. आईच्या हातचं आहे. ते असं मोडायचं नसतं."

"आईनं ती पुडी तुझ्या आईसाठी बांधली होती. मी ती घालवली. आता हेच आहे." प्रभाचा आवाज चढला, वॉर्डात कधी चढत नसे तसा. "सुरी दे."

दोघी जमिनीवर पांढरी चादर अंथरून बसल्या. खसखस अनारशाला एकाच बाजूनं असते. लोण्याच्या बोथट सुरीनं प्रभा खरवडत होती, हाल्या ताटलीतले तुपकट कण टिपून अनारशाचे चुरे वेगळे काढत होती. एकवीस अनारसे खरवडून झाले तेव्हा ताटलीत जेमतेम दीड चमचा खसखस होती. डब्यात बोडके अनारसे उरले होते. त्यांच्याकडे बघून प्रभाला गलबलून आलं. तिनं डब्याला झाकण लावलं.

गरम पाण्यात भिजवून हाल्यानं ती मकित्रेत घातली आणि भांडं गुडघ्यात धरून दांडा फिरवू लागली. रेघांवर दाणे करकरत होते. बराच वेळ काही झालं नाही. मग कडेनं पांढरं दूध सुटलं. स्वयंपाकघरभर वास पसरला, आणि हाल्या दांडा तसाच धरून नाकानं ओढून ओढून तो घेत राहिली.

जिन्यात पावलं वाजली. नझीर आज लवकर आला होता.

प्रभाच्या पाचावर धारण बसली. चादर गोळा करावी की भांडं झाकावं हे ठरायच्या आत तो दारात उभा होता. त्याचं नाक आधी थबकलं. तो सहा वर्षं कीव्हला शिकला होता, सुट्ट्यांमध्ये पोल्तावाच्या त्या घरी सासूच्या हातची कुत्या जेवला होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला प्रभाला स्पष्ट दिसला.

"हे काय आहे?" तो अगदी हळू म्हणाला.

प्रभाच्या तोंडून शब्द गेला तो सकाळचाच. "सिम्सिम."

नझीरनं तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. हाल्यानं मान वर केली नाही. दोन्ही हातांनी ती भांडं धरून बसली होती. तो आत आला, खिडकी लावून घेतली, खटका दोनदा तपासला. प्रभाला वाटलं, हा माणूस आपल्याच जातीचा.

"ठीक. सिम्सिम," तो शेवटी म्हणाला. "पण हाल्या, सकाळपर्यंत काही राहता कामा नये. वाडग्यात नाही, चमच्यात नाही. उम्म खालिद येईल. तिला नाही कशी म्हणणार?"

"आईचा वाडगा रात्रभर ठेवायचा असतो."

"माहीत आहे मला," नझीर म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "मला काय माहीत नाही का? पण नाही ठेवता येणार."

*

गच्चीवरून फातिमा ओरडत आली, "आय सॉ इट! मम्मा, आय सॉ इट फर्स्ट!" कुवेतच्या कोरड्या आकाशात चांदणी शोधायला कष्ट पडत नाहीत, पण पोरीचा आनंद खरा होता.

टेबलावर पाच वाडगे होते. खुर्च्याही पाच. हाल्यानं बसण्याआधी आपल्या खुर्चीवर हलकी फुंकर घातली. कुणी आत्मा आधीच येऊन बसला असेल तर त्याला सरकायला वेळ मिळावा म्हणून. फातिमानंही घातली. नझीरनं घातली. मग हाल्यानं सगळ्यांना कुत्या वाढली, आणि पाचव्या वाडग्यात, रिकाम्या खुर्चीसमोर, सगळ्यांहून जास्त.

चौघांनी खाल्ली. मऊ गहू, अक्रोड, आणि त्यामागून येणारा तो खसखशीचा दाट, शांत स्वाद. चार वाडगे रिकामे झाले आणि सगळे पाचव्याकडे बघत बसले. नझीरनं घड्याळ पाहिलं, मग लाज वाटून हात टेबलाखाली घेतला. हाल्यानं तो वाडगा ओढून घेतला, चमचा उचलला, आणि तिचा हात अर्ध्यावरच थांबला. "आईचं मी कसं खाऊ?" ती म्हणाली. "सगळं आयुष्य तिनंच मला भरवलं."

प्रभाला उदगीरचं घर आठवलं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला गल्लीतले एक म्हातारे गुरुजी वडिलांच्या पाटावर बसून जेवले होते. आई त्यांना आग्रह करकरून वाढत होती, नवऱ्याला वाढायची तशीच, आणि दुसरी वाटी खीर घेतलीच पाहिजे म्हणून हट्ट धरून बसली होती.

"आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं कुणीतरी जेवतं," प्रभा म्हणाली. "त्याच्या जागी बसून. त्याला पोचतं ते."

"कोण जेवतं?"

"बाहेरचं माणूस. घरचं नाही चालत."

हाल्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं वाडगा परत त्या रिकाम्या जागी ठेवला आणि चमचा उजव्या हाताला लावला.

प्रभा उठली. पाचव्या खुर्चीपाशी गेली, वाकून फुंकर घातली आणि थोडी थांबली, समोरच्याला सरकायला खरंच वेळ मिळावा इतकी. मग बसली. वॉर्डात औषध देताना ज्या बारकाईनं ती मोजमाप करायची, त्याच बारकाईनं ती जेवली. घाई केली नाही. एक दाणा कडेला राहिला तोही चमच्यानं ओढून घेतला. फातिमा तोंड उघडं टाकून पाहत होती. सकाळपासूनची भीती कुठे गेली होती कोण जाणे, प्रभाला फक्त एवढंच कळत होतं की आपल्याला हे नीट संपवायचं आहे.

चमचा खाली ठेवला तेव्हा हाल्यानं विचारलं, अगदी लहान आवाजात, "कशी झालीय?"

प्रभानं तोंड पुसलं. उत्तर तिचं नव्हतं, म्हणून तिनं जरा विचार केला.

"छान झालीय," ती म्हणाली. "मध जरा कमी पडला."

हाल्याच्या तोंडून हसू फुटलं आणि लगेच तिनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. ऑगस्टात तार आली त्या दिवशी ती रडली नव्हती, लॅबमध्ये रक्ताच्या नळ्या मोजत राहिली होती. आता ती रडली. नझीर उठून तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही.

मग भांडी घासायला सगळेच लागले. नझीरनं दातांच्या बारीक हत्यारानं मकित्रेची एकेक रेघ कोरून काढली, पांढरी चादर फातिमानं बाथरूममध्ये झटकली. प्रभानं वाडगे तीनदा धुतले आणि चौथ्यांदा उजेडाकडे धरून पाहिले. ती निघाली तेव्हा बोडक्या अनारशांचा डबा तिच्या काखेत होता. आईला पत्रात लिहायचं होतं, सगळे नीट पोचले म्हणून.

दारातून तिनं मागे वळून पाहिलं. हाल्यानं पाचवा वाडगा पुसून कोरडा केला होता आणि परत त्याच खुर्चीसमोर ठेवला होता. मधाची बरणी कलती धरून ती त्यात धार सोडत होती. मधाला कुठेच बंदी नव्हती. तळ झाकला गेला तरी तिनं हात आवरला नाही. मग तिनं चमचा उजवीकडे ठेवला आणि स्वयंपाकघरातला दिवा तेवढा चालू राहू दिला.